एकाच पोत्यातला गहू

प्रमिलाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गुजराती मुलखातल्या सचिन गावच्या त्या चाळीत सगळेच म्हणायचे. साफ खोटं. कारणं ढीगभर होती, फक्त लोकांना ती बघायची नव्हती. नळाला पाणी अर्धा तास यायचं आणि त्यातली वीस मिनिटं पुरुषांच्या आंघोळीला जायची, हे कारण नाही? चौदा खोल्यांना दोन संडास, हे कारण नाही? पण हे सगळे किरकोळ राग झाले. ज्या रागानं तिचा खरोखर जीव जाळला तो सत्त्याण्णव सालच्या नवरात्राच्या आधी चार दिवस, भाकरी वाढताना, तिच्या पोटच्या पोरानंच पेटवला.

गोपाल लूमच्या खात्यातून बारा तासांची पाळी करून आला होता. कानात अजून मागाचा खडखडाट होता, म्हणून तो मोठ्यानं बोलत होता.

"माय, आप्पा म्हने, आधी घट दखूत. धान चांगलं उनं ते दवाखानानं कामच नही."

"अन नही उनं ते?"

गोपालनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तो बुडवूनच ठेवला.

"मी काय ईचारस तुले?"

"मंग त्या डॉक्टरले दखाडी लेऊत. निस्तं दखानंच ते शे."

चुलीपाशी बसलेल्या हर्षदाचा हात थांबला. हर्षदा म्हणजे गोपालची बायको. दोन मुली पदरात, पाचाची शीतल आणि तिनाची तारा. आता चौथा महिना. तिनं वर पाहिलं नाही, पण परातीतलं पीठ उगाच दोनदा थापटलं.

निस्तं दखानं! प्रमिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी नऊ नंबरच्या खोलीतली कुसुम अशीच नुसतं बघायला गेली होती. गेली ती रिक्षात बसून आणि आली ती रिक्षात आडवी होऊन. मग पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होती. चाळीत कोणी काही बोललं नाही. अशक्तपणा आलाय, असं तिच्या सासूनं, अनुसयानं सांगितलं आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. प्रमिलाबाईनंही ऐकून घेतलं होतं. एक वाटी शिरा करून पाठवला होता आणि दार लावून घेतलं होतं. त्या शिऱ्याची आठवण झाली की तिला स्वतःचाच इतका राग यायचा की तो कुणावर तरी काढावाच लागायचा. चाळीतल्या लोकांना दिसायचा तो हा.

त्या दवाखान्याच्या दारात आता लाल अक्षरात पाटी लागली होती, की इथं गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. पाटीखालच्या बाकावर बसायला जागा मिळत नसे.

आता हे घटाचं काय, ते सांगायला हवं. चाळीतले चौदाही घरचे लोक खानदेशातले. कुणी पारोळ्याकडचे, कुणी साक्रीकडचे, पण नवरात्र आलं की सगळ्यांचे घट एका पद्धतीनं बसायचे आणि ती पद्धत सुकलाल आप्पाची. सुकलाल हा प्रमिलाबाईच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, वयानं मोठा, म्हणून नात्यानं जेठ. खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला चाळीची वडीलकी करण्यावाचून दुसरं काम नव्हतं. सर्वपित्री अमावास्येच्या आधी तो गव्हाचं एक पोतं आणायचा आणि प्रत्येक घराला त्यातलीच एक ओंजळ द्यायचा. घटाभोवतीच्या मातीत सगळ्यांनी तेच धान पेरायचं, घरचं चालणार नाही. देवीपुढं बठ्ठा घर सारखा, सगळी घरं एकच, असं तो म्हणायचा. मग नवमीला सकाळी खोलीखोलीत जाऊन तो उगवलेलं धान बघायचा आणि काय वाढून ठेवलंय ते सांगायचा. यालाच चाळीत घट वाचणं म्हणत.

पूर्वी तो पाऊस वाचायचा, आजारपण वाचायचा, अमक्याच्या पोरीचं लग्न जुळेल म्हणायचा. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गावात ती पोटात बघायची मशीनं आली आणि आप्पालाही नवीन वाचन सुचलं. धान दाट आणि सरळ आलं तर पोऱ्या, म्हणजे मुलगा, विरळ आणि वाकडं आलं तर पोर, म्हणजे मुलगी. हे त्याला कुणी शिकवलं, असं एकानंही विचारलं नाही. आधी घट आणि मग दवाखाना, अशी वहिवाटच पडून गेली.

आणि गहू कसला? रेशनचा! किडे लागलेला, अर्धा पोकळ, गोदामात दोन पावसाळे काढलेला. त्यात अंधाऱ्या खोल्या. गेल्या वर्षी चौदाही घरचं धान विरळच आलं होतं. पण पोटुशी एकटी कुसुम होती, म्हणून ते विरळपण फक्त तिच्या वाट्याला आलं.

"सडका गहू अन देवीना कौल!" प्रमिलाबाई म्हणाली आणि तवा असा आदळला की तारा झोपेतून उठून रडायला लागली.

गोपाल वाईट मुलगा नव्हता, हीच तर पंचाईत होती. आईला उलट उत्तर देत नसे, बायकोवर हात उगारत नसे, आणि आप्पा म्हणेल ते करत असे.

*

प्रमिलाबाई जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका धाग्याच्या कारखान्यात कामाला होती. तिचं काम जेट धुण्याचं. जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा, त्याला सुईच्या नाकाएवढं भोक. त्या भोकातून हवा मारली की धागा फुगतो. आठवडाभर चालला की भोकात तेल आणि मळ असा घट्ट बसतो की कुठल्याही ब्रशला निघत नाही. त्यासाठी एक मशीन होतं. पाण्याची स्टीलची टाकी, वर एक बटण, बस. जाळीत जेट ठेवून पाण्यात सोडायचे आणि बटण दाबायचं. पाणी हलताना दिसायचं नाही, आवाजही धड ऐकू यायचा नाही, फक्त दातांत झिणझिण्या आल्यासारखं व्हायचं, आणि बघता बघता भोकातून काळा धूर निघाल्यासारखा मळ पाण्यात उतरायचा. सगळे कामगार त्या मशीनला झिणझिणी म्हणत.

कारखान्यातल्या तपासणी विभागाचे साहेब मगनभाई. ओलपाडकडं त्यांची शेती, तिथं भेंडी लावायचे. उन्हाळ्यात त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की असल्या मशीनमध्ये बी ठेवलं तर ते लवकर उगवतं आणि रोपही जोमानं वाढतं. दुसऱ्या दिवशी ते भेंडीच्या बिया रुमालात बांधून घेऊन आले. साबणाचं पाणी काढून टाकी स्वच्छ धुवायचं काम अर्थातच प्रमिलाबाईच्या गळ्यात पडलं आणि ती चिडली.

"प्रमिलाबेन, गुस्सा बाद में," मगनभाई म्हणाले. "पहले देखो."

त्यांनी निम्म्या बिया तीन मिनिटं झिणझिणीत ठेवल्या, निम्म्या नुसत्याच भिजवल्या, आणि दोन ट्रेमध्ये लावून खिडकीत ठेवल्या. पाणी घालायचं काम पुन्हा प्रमिलाबाईचंच. पण चौथ्या दिवशी तिचा राग पळाला. एका ट्रेमध्ये पानं उलगडली होती आणि दुसऱ्यात नुसती माती फुगली होती. मगनभाईंनी मग दहा मिनिटंही ठेवून पाहिलं, त्या बिया उकडून मेल्या. तीन मिनिटं बरोबर, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

"यात असतं काय?" तिनं विचारलं होतं.

"आवाज. इतना बारीक कि कान पकडे नहीं. बी का छिलका ढीला करता है, पानी अंदर जाता है." मग मगनभाई सहज म्हणाले, "डॉक्टर लोग पेट में जो देखते हैं, वो भी यही आवाज है."

तेव्हा तिनं ते एका कानानं ऐकून सोडून दिलं होतं. आता, गोपालचं बोलणं ऐकल्यावर, रात्री कूस बदलताना तेच वाक्य परत आलं. एकच आवाज. इथं तो बंद दाण्याचं कवच सैल करून त्याला उठवतो, आणि तिथं, लाल पाटीमागच्या खोलीत, त्याच आवाजानं कोणाला उगवू द्यायचं नाही ते ठरवतात. तिला इतकी चीड आली की ती उठून बसली.

आणि बसल्या बसल्याच तिचं ठरलं. आप्पाला दाट धान पाहिजे ना? देते.

सुकलाल आप्पानं दिलेली ओंजळ पदरात बांधून ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. टाकी घासली, तीनदा पाणी बदललं. पण उगाच सगळा गहू घालायची ती बाई नव्हती, भेंडी वेगळी आणि रेशनचा गहू वेगळा. तिनं आधी वीस दाणे बाजूला काढले. दहा झिणझिणीत तीन मिनिटं, दहा नुसते पाण्यात. डब्यातल्या दोन वाट्यांत माती घेऊन ते लावले आणि मगनभाईंच्या ट्रेशेजारी खिडकीत ठेवले. अमावास्येला दुपारी पाहिलं तर एका वाटीत सहा कोंब मातीबाहेर आले होते आणि दुसरीत एक, तोही शंका घेत आल्यासारखा. तिनं मागंपुढं पाहिलं नाही. उरलेली सगळी ओंजळ जाळीत ओतली, बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. देवीला तिनं मनातल्या मनात बजावलं, की तुला राग आला तर माझ्यावर काढ, त्या पोरीवर नको.

*

तिसऱ्या माळेला घटाभोवतीची माती हिरवी झाली. पाचव्या माळेला धान चार बोटं वर आलं, आणि सातव्या माळेला चाळीतल्या बाया दर्शनाला यायला लागल्या. दाट, सरळ, एकही जागा रिकामी नाही. गोपाल कामावरून आला की आधी घटापाशी जाऊन उभा राहायचा. एकदा त्यानं हर्षदासाठी फाफडा-जिलेबी आणली. तिला हसताना पाहून प्रमिलाबाईच्या जिवाला इतकं बरं वाटलं की ती सहा दिवस कुणावर ओरडली नाही. चाळीतल्या लोकांना वाटलं, बाईला कडक उपास बाधला.

तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, हर्षदालाही नाही. पोर पोटात वाढत राहील. मार्चमध्ये जे होईल ते होईल. मुलगी झाली तर मग बघू, तेव्हा भांडता येईल. जन्मलेल्या पोरीसाठी भांडायला ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

नवमीला सुकलाल आप्पा आला. डोक्याला पागोटं, कपाळाला गुलाल, मागं आठ-दहा पुरुष. तो घटापुढं वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"तीस वरीसमा असं धान मी दखं नही," तो म्हणाला. "गोपाल, पेढा आन. पोऱ्या शे."

गोपालनं आप्पाच्या पायावर डोकं ठेवलं. प्रमिलाबाईनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं आनंदानं, पण तिला हसू आवरत नव्हतं.

ते हसू दुपारपर्यंत टिकलं. दुपारी कुसुमची सासू अनुसया आली. अनुसया आणि ती एकाच गावच्या, एका वर्षी लग्न होऊन आलेल्या. अनुसयाच्या हातात तांब्याची छोटी ताटली होती.

"प्रमिला, तुना धाननी एक जुडी दे वं. कुसुमनी उशीखाले ठेवस."

"काब्र? तुना घट नही का?"

अनुसयानं ताटली खाली ठेवली. कुसुमला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा संपून चौथा लागला होता. हे प्रमिलाबाईला माहीत होतं. माहीत असून या नऊ दिवसांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आप्पानी सांगं," अनुसया म्हणाली, "एकाच पोतानं धान. तठे ईतभर अन आठे बोटभर. मंग आते सांगानं काय राहिनं? मना पोऱ्याले, मारुतीले तेच पटनं. सकाळे अकराले दवाखानामा बलावं शे."

"उद्या? उद्या दसरा शे!"

"सणले पुढलं दार बंद ऱ्हास, मांगलं उघडं. सणले सरकारी मानूस फिरत नही." एवढं बोलून ती रडायला लागली. "गेल्या वरीसले बठ्ठासना घट विरळ व्हतात, म्हनीसन आप्पा म्हने, पक्कं वाचता येत नही, दखाडी लेवा. यंदा तुना घट शेजारे शे ना, मंग साफ दिखस म्हने."

मगनभाईंचे दोन ट्रे प्रमिलाबाईच्या डोळ्यांपुढं आले. एकातली भेंडी जोमाची दिसत होती, कारण शेजारी दुसरा ट्रे होता. दुसऱ्यातल्या बियांचा दोष काय? काहीच नाही. त्या त्यांच्या वेळेला उगवणारच होत्या. आपण आपल्या घराचा ट्रे झिणझिणीत घातला आणि अख्ख्या चाळीचा दुसरा ट्रे केला. आपल्या सुनेला वाचवायला निघालो आणि दुसरीची सून पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवली. आणि हे सगळं अक्कलहुशारीनं, तोंडाला पदर लावून हसत हसत!

अनुसयाला तिनं जुडी दिली नाही. "घर जाय," एवढंच म्हणाली. मग पायात चप्पल घालून तरातरा कारखान्यात गेली, दुपारपाळीच्या वॉचमनशी भांडून आत शिरली आणि खिडकीतल्या दोन्ही वाट्या घेऊन आली. एकीत वीतभर धान, नऊ कोंब. दुसरीत बोटभर, पाच कोंब, त्यातले दोन वाकडे. हुबेहूब तिचा घट आणि अनुसयाचा घट.

*

दसऱ्याला सकाळी चाळीतले घट एकत्र करून खाडीवर न्यायची तयारी चालली होती. सगळे पुरुष बाहेर ओट्यापाशी जमलेले, टोपीत धानाचे तुरे खोचायची वाट बघत. चाळीच्या तोंडाशी मारुतीनं सांगून ठेवलेली रिक्षा उभी होती. कुसुम नऊ नंबरच्या दारात नवीन साडी नेसून उभी होती. ती साडी तिला कुणी आणि कशाला नेसवली असेल, या विचारानंच प्रमिलाबाईचं डोकं भणभणलं.

ती डोक्यावर पदर घेऊन सरळ सुकलाल आप्पापुढं गेली आणि दोन्ही वाट्या ओट्यावर ठेवल्या.

"आप्पा, मना कारखानामा दोन बाया शेतस, दोन्ही पोटुशी. खोलीमा जागा नही, वाटीमाच घट मांडात. तुमनाच पोतानं धान शे. त्या ईचारतस, काय वाचानं?"

आप्पाची कीर्ती कारखान्यापर्यंत गेली हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. सगळ्यांना दिसावं म्हणून त्यानं वाट्या उचलून धरल्या.

"हाई ते सरळ शे," उंच धानाची वाटी पुढं करून तो म्हणाला. "पोऱ्या. अन हाई..." त्यानं दुसरीतल्या वाकड्या कोंबाला बोट लावलं. "हाई पोर. दखाडी लेवा म्हना तिले."

"पक्कं?"

"सुकलालना वाचामा फरक पडस नही."

"मंग आप्पा, दोन्ही वाट्या मन्याच शेतस," प्रमिलाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली राहायला तयार नव्हता. "दोन्ही मीच पेऱ्यात. तुमना भाऊ जाईसन नऊ वरीस व्हयनात. सांगा मंग, मना पोटमा काय शे? पोऱ्या का पोर? का दोन्ही?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं.

तिनं सगळं सांगितलं. झिणझिणी, तीन मिनिटं, वीस दाणे, पदरातली ओंजळ. माझ्या घरचं धान देवीनं नाही वाढवलं, मी वाढवलं, असं छातीवर हात मारून सांगितलं. सुकलालचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"देवीना घटमा कारखाना घाला तू! पाप शे हाई!"

"पाप?" प्रमिलाबाईनं पदर डोक्यावरून खाली ओढला. जेठासमोर तिनं आयुष्यात असं केलं नव्हतं. "रेशनना सडका गहूमा पोरीसना जीव मोजा तुम्हीन, अन पाप मनं? मशीनमा दाना जागा व्हस, बदलस नही. गहू टाका ते गहूच निंघस. तुमले काय दिखनं त्यामा? गेल्या वरीसले कुसुमना घटमा काय दिखनं व्हतं? किडा दिखनात का?" आणि मग तिचा आवाज चिरकला. "मी तवय बोलनू नही. शिरा करीसन धाडा मी. शिरा!"

दारातल्या कुसुमनं चौकट धरली. अनुसया जमिनीकडं बघत होती.

गोपाल पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता. पेढे वाटून झाले होते.

"म्हंजे माय, आपला कौल बी खोटा."

"खोटा."

तो आप्पाकडं बघून म्हणाला, "मंग आपले बी जानं पडी. रिक्षा शेच उभी."

प्रमिलाबाईला हेच भय होतं. एक सून वाचवायला गेली आणि आता दोघी एका रिक्षात. तिनं हर्षदाकडं पाहिलं. हर्षदा दारातून उतरून आली होती, पण ती नवऱ्याकडं बघत नव्हती. सासूकडं बघत होती, आणि त्या नजरेत इतका राग होता की प्रमिलाबाई दोन पावलं मागं सरली.

"आत्या, तुम्हीन माले काब्र नही सांगं? नऊ दिन मी खूष व्हतू. पोऱ्या शे म्हनीसन खूष व्हतू. मन्या दोन पोरी समोर खेळी राहिन्यात, अन मी देवीना पाया पडू की बरं व्हयनं, पोर नही शे." ती थांबली. "माले मनीच शरम लागस. ती तुमनी देन शे."

चाळीत पहिल्यांदाच प्रमिलाबाईला कुणी बोललं आणि तिनं मान खाली घातली.

हर्षदा नऊ नंबरला गेली, कुसुमचा हात धरला आणि दोघी उंबऱ्यावर बसल्या. मारुती पुढं झाला तशी कुसुम म्हणाली, "माले नही जानं." वर्षभरात तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता, मारुतीनंही नसावा, कारण तो जागच्या जागी थबकला. मग अनुसया उठली, पाय ओढत गेली आणि सुनेच्या पुढ्यात, दार अडवून, मांडी घालून बसली. प्रमिलाबाई तिच्या शेजारी जाऊन टेकली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही.

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला.

"गोपाल, मानूस शेस ना तू?" सुकलाल ओरडला. "उठाड तिले!"

गोपाल निघाला. चार पावलं टाकली आणि त्याची वाट अडली. ओट्यावरच्या दोन्ही वाट्या शीतलनं उचलून घेतल्या होत्या आणि ती त्याच्या पुढ्यात उभी होती. मोठी माणसं बोलत होती तोवर ती एकदा या वाटीत बघत होती, एकदा त्या वाटीत.

"पप्पा," तिनं विचारलं, "मी कोनती वाटीमानी शे?"

तिला रडू येत नव्हतं, राग आला नव्हता. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. उंच धानाची वाटी तिनं जराशी पुढं केली होती, बहुधा तीच असावी अशा आशेनं.

गोपालनं आप्पाकडं पाहिलं. आप्पा पागोटं सारखं करत होता. गोपालनं उंबऱ्यावर बसलेल्या आपल्या बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि मग तो पोरीला वळसा घालून थेट चाळीच्या तोंडाशी गेला. रिक्षावाल्याशी तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. मारुती त्याच्यामागं धावला आणि अर्ध्या वाटेत थांबला. रिक्षा वळली, खड्ड्यात एकदा आदळली आणि रिकामीच हायवेला लागली.

कोणीही टोपीत तुरा खोचला नाही. घट ओट्यावर तसेच पडून होते. प्रमिलाबाईचा राग गेला नव्हता, आप्पावरचा नाही, पोरावरचा नाही आणि स्वतःवरचा तर मुळीच नाही. उद्या पुन्हा रिक्षा येऊ शकते हे तिला कळत होतं, म्हणून ती उठली नाही. उद्याचा खाडा सांगायला कारखान्यात कोणाला पाठवावं, हा विचार ती करू लागली.

गोपाल मान खाली घालून परत आला. शीतल अजून तिथंच उभी होती, दोन्ही वाट्या सांभाळून धरून.

"पप्पा, सांग ना," ती म्हणाली.